आठवीसाठी दोन खासगी हायस्कूलपैकी कोणते निवडावे? (बेळगाव तालुका)

पालक_उचगाव

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी उचगावच्या सरकारी मराठी शाळेत सातवीत शिकते आणि येत्या जूनमध्ये तिला आठवीला हायस्कूलमध्ये घालायचे आहे. आमच्या घरात आजवर सगळ्यांचे शिक्षण मराठी माध्यमातूनच झाले. तिचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत पर्यवेक्षक आहेत आणि मी घरी शिवणकाम करते. मुलीचे गणित चांगले आहे आणि इंजिनिअर व्हायचे असे ती स्वतःच म्हणते, म्हणून यंदा तिला दोन खासगी इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलच्या प्रवेश परीक्षांना बसवले. दोन्हीकडे तिचे नाव लागले आणि आता घरात रोज संध्याकाळी त्याच विषयावर वाद चालतो. शाळांची नावे मुद्दाम लिहीत नाही. पहिली आणि दुसरी असेच म्हणते.

पहिली शाळा शहरात, रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, अनेक वर्षांचा लौकिक आणि दर मे महिन्यात फाटकावर एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, पहिल्या दहा मुलांचे फोटो असलेला मोठा फलक. एका वर्गात साठाच्या आसपास मुले असतात. दर शनिवारी चाचणी होते आणि सोमवारी गुणानुक्रमाचा कागद वर्गाबाहेर लागतो. आम्ही भेटीला गेलो त्या दिवशी तो कागद मी नीट पाहिला. शेवटच्या दहा नावांखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. शुल्क आम्हाला ओढाताण करून झेपेल असे आहे, पण तिथली बहुतेक मुले बाहेर शिकवणीला जातात असे कळले.

दुसरी शाळा शहराबाहेर, आमच्या गावापासून जवळ आहे. ती सी.बी.एस.ई.ची असून दहावीच्या मोजक्याच तुकड्या तिथून बाहेर पडल्या आहेत. वर्गात मुले कमी, प्रयोगशाळा नवी, शाळेची बस गावाच्या तिठ्यापर्यंत येते. एका शिकवणी संस्थेशी करार करून त्यांनी आठवीपासूनच जे.ई.ई. या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या तयारीचा ‘फाउंडेशन’ नावाचा वर्ग शाळेच्या वेळेतच ठेवला आहे आणि त्यामुळे शुल्क पहिल्या शाळेच्या जवळजवळ दुप्पट होते.

दोन्ही शाळांत कन्नड घ्यावीच लागेल आणि मराठी हा विषय दोन्हीकडे नाही. मुलीची कन्नड बेताची आहे, म्हणजे बाजारात बोलण्यापुरती येते, पण निबंध लिहिण्याइतकी नाही. माध्यम बदलणार, भाषा बदलणार आणि वर स्पर्धा, असे तिन्ही एकदम तिच्या अंगावर येणार आहे. अशा स्थितीत निवड करताना नेमके काय पाहावे, हे ज्यांनी या वाटेने मुले पाठवली आहेत त्यांनी कृपया सांगावे.

खानापूर_रोडकर

ताई, आपण लिहिलेल्या सगळ्या मुद्द्यांच्या आधी एक विचारतो, कारण मुलीला इंजिनिअर व्हायचे असेल तर बाकीचा हिशेब त्याच्यावर फिरतो. दुसरी शाळा कोणाच्या हद्दीत आहे? महानगरपालिकेच्या, नगर पंचायतीच्या की ग्रामपंचायतीच्या?

कारण असे, की कर्नाटकात सी.ई.टी.मार्फत व्यावसायिक अभ्यासक्रमांना जे प्रवेश होतात त्यांत प्रत्येक प्रवर्गाच्या आत ग्रामीण भागात शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. कन्नड माध्यमाचा लाभ आपल्या मुलांना मिळत नाही, ते सोडून द्या. परंतु ग्रामीण लाभासाठी पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षे कर्नाटकातील ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. आपल्या मुलीची सात वर्षे झाली आहेत. आठवीला ती शहरातल्या शाळेत गेली की ही सातही वर्षे त्या कामापुरती वाया गेली, मग पुढे नववी-दहावीला पुन्हा गावात आणली तरी उपयोग नाही.

येथे आपल्याकडच्या पुष्कळ पालकांचा समज चुकीचा असतो. घर गावात आहे, रेशनकार्ड गावचे आहे, सातबारा गावचा आहे, म्हणजे आपण ग्रामीण, असे ते धरून चालतात. नियमात घर कुठे आहे हे पाहत नाहीत, शाळा कुठे आहे हे पाहतात. त्यासाठी ठरावीक नमुन्यातील अभ्यास दाखला मुख्याध्यापकांकडून घ्यावा लागतो आणि त्यावर बी.ई.ओ. (गटशिक्षणाधिकारी) साहेबांची प्रतिस्वाक्षरी लागते. प्राथमिक शाळेचा एक आणि हायस्कूलचा एक, असे दोन दाखले होतात. शिवाय ज्या गावाची नगर पंचायत झाली आहे ते कितीही शेतीचे वाटले तरी ग्रामीण धरत नाहीत, म्हणून ‘शहराबाहेर’ एवढ्या शब्दावर विसंबू नये.

फरक किती पडतो, हे आपल्याला स्वतः पाहता येईल. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रवेशाचे शेवटचे क्रमांक महाविद्यालयवार दिलेले असतात. मराठा समाज येथे ‘३ब’ प्रवर्गात येतो. आपला प्रवर्ग तोच असेल तर ३बीजी, ३बीके आणि ३बीआर असे तीन रकाने दिसतील, नसेल तर आपल्या प्रवर्गाचे तसेच तीन रकाने पाहा. ‘आर’चा रकाना म्हणजे ग्रामीण. बेळगावातल्याच एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक शाखा घेऊन साध्या रकान्यातला आणि ग्रामीण रकान्यातला शेवटचा क्रमांक शेजारी शेजारी मांडा, मग घरातला अर्धा वाद आपोआप मिटेल. उत्पन्नाची मर्यादा आणि जात-उत्पन्नाचे दाखले हा वेगळा भाग आहे, तो त्या वेळी पाहता येतो. शाळेचे ठिकाण मात्र त्या वेळी बदलता येत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

वरील माहिती बरोबर आहे, तरी केवळ राखीव जागेकडे पाहून शाळा ठरवू नये असे मी म्हणेन. आधी शाळा कशी आहे ते पाहावे, आणि ते फलकावरून कळत नाही.

फलकावर ६२५ पैकी ६२० गुण मिळवणाऱ्या मुलीचा फोटो असतो. ती मुलगी कुठल्याही शाळेत गेली असती तरी तिने तेवढे गुण मिळवले असते. आपली मुलगी गणितात चांगली आहे, परंतु माध्यम बदलून येणार असल्यामुळे पहिले वर्षभर ती वर्गाच्या मध्यावर किंवा त्याच्या खाली राहणार, हे गृहीत धरूनच चालावे. म्हणून मुख्याध्यापकांना विचारायचे ते मधल्या आणि खालच्या मुलांविषयी विचारावे. माझ्या मते पहिला प्रश्न हा असावा: तीन वर्षांपूर्वी आठवीला किती मुले होती आणि त्यांतली किती मुले याच शाळेच्या नावावर दहावीच्या परीक्षेला बसली? शंभर टक्के निकाल मिरवणाऱ्या काही शाळांत नववीच्या अखेरीस पालकांना बोलावून ‘याला दुसरीकडे घाला, इथे झेपणार नाही’ असे गोड शब्दांत सुचवले जाते आणि दाखला हातात ठेवला जातो. शंभर मुले घेतली, सत्तर बसवली आणि सत्तरही पास झाली, तर तो निकाल शंभर टक्केच छापून येतो. दोन्ही आकडे शाळेकडे असतात, कारण प्रत्येक मुलाची नोंद शिक्षण खात्याच्या एस.ए.टी.एस. प्रणालीत असते. आकडे सांगताना मुख्याध्यापक विषय बदलू लागले, तर तेही एक उत्तरच समजावे.

दुसरे, निकाल कोणत्या वर्षाचा दाखवत आहेत ते पाहावे. २०२४ पासून एस.एस.एल.सी.च्या परीक्षा केंद्रांत कॅमेरे बसवून थेट देखरेख सुरू झाली. २०२३ साली राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ साली नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत कृपागुण देऊनही तो ७३.४० टक्क्यांवर आला. कॅमेऱ्यांच्या आधी आणि नंतर ज्या शाळेचा निकाल जवळजवळ सारखाच राहिला, तिथे खरोखर शिकवले जाते असे मानायला हरकत नाही. प्रत्येक विषयातले २० गुण, आणि पहिल्या भाषेतले २५, शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात हेही एकूण गुणांकडे पाहताना लक्षात असू द्यावे. ते गुण देताना शाळा सहसा हात आखडता घेत नाहीत.

तिसरे, राज्य मंडळ आणि सी.बी.एस.ई. यांतल्या फरकाचा बाऊ करू नये. राज्य मंडळाची दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तके आता सी.बी.एस.ई.त चालणाऱ्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांच्याच धर्तीवर आहेत. फरक आहे तो प्रश्नांच्या घडणीत, समाजविज्ञानात आणि भाषांत. सी.बी.एस.ई.च्या प्रश्नपत्रिकेत उतारा किंवा प्रसंग देऊन त्यावर विचार करायला लावणारे प्रश्न जास्त असतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तिथे गणिताआधी इंग्रजी वाचनच आडवे येते.

आता एक छोटी गोष्ट करावी. दोन्ही शाळांत आठवीच्या एखाद्या मध्यम मुलाची गणिताची आणि कन्नडची वही पाहायला मागावी. गणिताच्या वहीत फळ्यावरची सोडवलेली उदाहरणे तेवढीच उतरवलेली आहेत की मुलाने स्वतः चुकवलेली, खोडलेली आणि पुन्हा केलेली उदाहरणेही आहेत, आणि बाईंनी नुसता बरोबरचा शेरा मारला आहे की कोणत्या पायरीला चुकले तिथे खूण केली आहे, हे पाहिले की शाळेतील शिकवणे समजते. कन्नडच्या वहीवरून मुलीला किती मोठी उडी मारावी लागेल त्याचा अंदाज येईल.

गणेशपूरची_आई

मी फक्त येण्याजाण्याविषयी लिहिते, कारण प्रवेशाच्या धामधुमीत ते कोणी पाहत नाही आणि जुलैत डोळ्यांपुढे तारे चमकतात. उचगावहून येणारी बस मध्यवर्ती बसस्थानकावर सोडेल, तिथून दुसरी बस किंवा रिक्षा, आणि त्यानंतर रेल्वे गेट. टिळकवाडीच्या पहिल्या आणि दुसऱ्या गेटवर सकाळी गाडीची वेळ झाली की दोन्ही बाजूंनी रिक्षा, दुचाकी आणि शाळेच्या व्हॅन अडकून पडतात, आणि पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या मुलाला बाहेर उभे करणाऱ्या शाळा आपल्याकडे अजूनही आहेत. मुलगी असल्यामुळे शक्ती योजनेत सरकारी बसला पैसे पडत नाहीत, हे खरे. पण सकाळच्या गर्दीत ती बस थांब्यावर थांबेल याची खात्री कोणी देत नाही. आपल्याकडच्या पावसात भिजलेल्या दप्तरासह रोज दीड-दोन तास प्रवास, त्यावर संध्याकाळची शहरातली शिकवणी, मग घरी पोचायला सात-साडेसात. यातून अभ्यासाला किती वेळ उरतो ते कागदावर मांडून पाहावे. शहरात नातेवाइकांकडे ठेवण्याचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

निपाणीकर

चर्चा चांगली चालली आहे, परंतु आपण सगळेच कर्नाटकातल्या जागांचाच हिशेब करत आहोत, म्हणून एक आठवण करून देतो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत सीमाभागातील उमेदवारांसाठी ‘ई’ प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी त्यात अर्ज करू शकतो. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपले गाव असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, असे दोन कागद त्यासाठी लागतात. शिकण्याचे माध्यम मराठीच असावे अशी त्यात अट नाही. तेव्हा पहिली शाळा घ्या किंवा दुसरी, ही वाट दोन्हीकडून मोकळी राहते.

मात्र प्रवेश अर्जात ‘मातृभाषा’ या रकान्यासमोर मराठी असेच लिहिले गेले आहे ना, हे स्वतः उभे राहून तपासावे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत कारकून घाईत काहीही भरतात आणि पुढे दाखल्यावर तेच उतरते. मग दुरुस्तीसाठी हेलपाटे कोणाला चुकत नाहीत.

आणि राहवत नाही म्हणून लिहितो. गावातल्या किंवा शहरातल्या अनुदानित मराठी हायस्कूलचा विचार अजिबात का केला नाही? तिथे पहिली भाषा मराठी राहते, सोबत इंग्रजी आणि कन्नड असतेच. अनुदानित किंवा सरकारी शाळेतली मुलेच आठवीत एन.एम.एम.एस. परीक्षेला बसू शकतात आणि ती उत्तीर्ण होऊन पालकांचे उत्पन्न मर्यादेत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. खासगी विनाअनुदानित शाळेत पाऊल टाकताच तो मार्ग बंद होतो.

पालक_उचगाव

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीकर दादांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मराठी हायस्कूलचा विचार आम्ही केला होता. पण पी.यू.ला (अकरावी-बारावीला) विज्ञान शाखेत सगळे इंग्रजीतूनच आहे, आणि अकरावीत एकदम माध्यम बदलण्यापेक्षा आठवीत बदललेले बरे, असे तिच्या वर्गशिक्षिकांनीही सुचवले. ते पाऊल उचलायचे आम्ही नक्की केले आहे.

हद्दीची चौकशी केली. दुसरी शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीतच आहे असे पंचायत कार्यालयातून कळले, बी.ई.ओ. कार्यालयातूनही खात्री करून घेणार आहे. ३बीजी आणि ३बीआरचे रकाने मुलीनेच मोबाइलवर काढून वडिलांना दाखवले. तरीही त्यांचा ओढा पहिल्या शाळेकडेच आहे. त्यांचे म्हणणे असे, की जागेचा प्रश्न पाच वर्षांनी येणार, आणि आज चांगली शाळा सोडून पाच वर्षांनंतरच्या सवलतीसाठी मुलीला नवख्या शाळेत घालणे म्हणजे बाजारात तुरी असला प्रकार आहे. शिवाय फाउंडेशनचा वर्ग दुसऱ्या शाळेत सक्तीचा आहे. तो नको म्हटले तर शुल्क कमी करायला ते तयार नाहीत. आठवीच्या मुलीला जे.ई.ई.ची तयारी खरोखर लागते का, आणि नवी शाळा म्हणून काय काय तपासावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

पी.यू._अधिव्याख्याता

मी पी.यू. महाविद्यालयात गणित शिकवतो आणि दरवर्षी अकरावीला दोन्ही प्रकारच्या शाळांतून आलेली मुले माझ्यासमोर बसतात, म्हणून त्या बाजूने सांगतो.

आधी आपल्या यजमानांच्या मुद्द्याविषयी. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. सवलत असली तरी ती वापरण्याजोगे गुण लागतात, आणि ग्रामीण रकान्यातही शेवटचा क्रमांक सहज गाठण्याजोगा नसतो. पण त्यांच्या बोलण्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती म्हणजे पहिली शाळा मुलीला अधिक पुढे नेईल. त्याचा पुरावा फलकाखेरीज काय आहे? सी.ई.टी.च्या अभियांत्रिकी क्रमांकात निम्मा वाटा बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताच्या गुणांचा आणि निम्मा सी.ई.टी.चा असतो. दहावीचे गुण त्यात कुठेच धरले जात नाहीत. ते फक्त पी.यू.ला चांगले महाविद्यालय आणि विज्ञान शाखा मिळवण्यापुरते उपयोगी पडतात, आणि बेळगावात ठीकठाक गुणांवरही विज्ञानाची जागा मिळते. म्हणजे ६२५ पैकी ६१० आणि ५७० यांतल्या फरकासाठी तीन वर्षे मुलीची झोप उडवायची का, हा विचार पालकांनी करावा. वैद्यकीयला तर केवळ ‘नीट’ या प्रवेश परीक्षेचे गुण चालतात.

फाउंडेशनबद्दल स्पष्टच लिहितो. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालील आणि दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. शाळेच्या छताखाली तोच वर्ग दुसऱ्या नावाने चालवला म्हणून त्याची गरज वाढत नाही. अकरावीत अडखळणारी मुले जे.ई.ई.चे कठीण प्रश्न न आल्यामुळे अडखळत नाहीत. त्यांना बैजिक राशींचे अवयव पाडता येत नाहीत, अपूर्णांक असलेले समीकरण मांडताना चिन्ह चुकते, आलेख वाचता येत नाही. हे सगळे आठवी-नववीचे आहे, आणि पाठ्यपुस्तक प्रामाणिकपणे सोडवले तर पुरते. त्या वर्गाचे शिक्षक शाळेचे कायमचे शिक्षक आहेत की दर वर्षी बदलणारे तरुण आहेत, आणि त्यासाठी शाळेच्या मूळ तासांना कात्री लावली आहे का, हे वेळापत्रक मागून तपासावे. गणिताचा रोजचा तास कापून त्या जागी फाउंडेशन घातले असेल, तर ती शाळा दुप्पट पैसे घेऊन निम्मे गणित शिकवते असे मी म्हणेन. रोजचा तास शाबूत असेल तर तो वर्ग जास्तीचा सराव समजून चालवून घ्यावा. मुलीने त्यातले सगळे सोडवलेच पाहिजे असा धोशा मात्र घरात लावू नये.

नव्या शाळेत एक तपासणी चुकवू नये. ‘सी.बी.एस.ई. अभ्यासक्रम’ असे पाटीवर लिहिणे आणि सी.बी.एस.ई.शी दहावीपर्यंत संलग्न असणे यांत महदंतर आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर संलग्न शाळांची यादी असते. त्यात शाळेचे नाव, संलग्नता क्रमांक, कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या वर्षापर्यंत परवानगी आहे हे सगळे दिसते. मुलगी दहावीला बसेल ते वर्ष त्या मुदतीत येते का, आणि येत नसेल तर नूतनीकरणाचा अर्ज केला आहे का, हे विचारावे. एका वर्गात ४० मुलांचा दंडक मंडळाचाच आहे, तेव्हा ‘आमच्याकडे मुले कमी’ ही काही त्या शाळेची खास मेहेरबानी नव्हे.

कन्नडविषयी माझे मत जरा वेगळे आहे. आपण तिला ओझे समजत आहात, परंतु येथे राहून पुढे सरकारी नोकरी, बँक किंवा कोर्टकचेरीचे काम, काहीही करायचे ठरले तरी ती लागणारच आहे. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर हा विषय कोणत्याही मंडळाच्या शाळेत चुकत नाही, त्यामुळे मंडळ बदलून सुटका होईल ही आशा ठेवू नये. एप्रिल-मे हे दोन महिने गावातल्याच कोणा कन्नड शिक्षिकेकडे रोज तासभर बसवले, तर जूनमध्ये निदान शुद्धलेखनाला तिची लेखणी अडणार नाही.

दोन्हींतून एकच सांगा म्हणाल, तर संलग्नता पक्की असेल आणि वेळापत्रकात गणिताचा रोजचा तास असेल या दोन अटींवर मी दुसरी शाळा म्हणेन. वेळापत्रक लपवले गेले, तर पहिली.

खानापूर_रोडकर

अधिव्याख्याता सरांच्या सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त शुल्काबाबत एक सूचना करतो. दुप्पट शुल्क म्हणजे नेमके कशाचे, याची फोड लेखी घ्यावी: शिक्षण शुल्क, विकास निधी, बस, पुस्तके, गणवेश आणि फाउंडेशन, असे वेगवेगळे. पहिल्या वर्षी ज्याला सूट म्हणतात ते नववीत परत वसूल होते का, हे नववीच्या एखाद्या पालकाकडून कळेल, कार्यालयातून कळणार नाही. आणि पहिल्या शाळेच्या शुल्कात शिकवणी, रिक्षा आणि दुपारचे खाणे मिळवून मगच तुलना करावी. तसे केल्यावर अंतर पुष्कळच कमी होईल असा माझा अंदाज आहे.

पालक_उचगाव

सर, वेळापत्रक मागितले होते. ‘शाळा सुरू झाल्यावर देऊ’ असे म्हणाले. या वर्षीच्या आठवीचेच दाखवा असे म्हणून येत्या सोमवारी पुन्हा जाते. मुलीलाही बरोबर नेणार आहे, कारण तिथे शिकायचे तिला आहे. एक शेवटची शंका आहे. पहिल्या शाळेने आठवडाभरात पैसे भरून जागा पक्की करा असे सांगितले आहे. दोन्हीकडे थोडे थोडे भरून ठेवावे का? आणि एकीकडे मन रमले नाही तर नववीत बदलता येते का?

निवृत्त_मुख्याध्यापक

दोन्हीकडे पैसे भरू नयेत. भरलेले परत मिळवताना चपला झिजतात. पहिल्या शाळेला लेखी विनंती करून आठ दिवसांची मुदत मागावी. प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलीसाठी शाळा सहसा नाही म्हणत नाहीत, आणि त्या आठ दिवसांत आपली बी.ई.ओ. कार्यालयातली, संकेतस्थळावरची आणि वेळापत्रकाची अशी तिन्ही कामे उरकतील.

नववीत बदलता येते, परंतु मंडळ बदलून नव्हे, निदान मी तसा सल्ला देणार नाही. नववीत नोंदणी होते ती दहावीच्या मंडळाकडेच, आणि त्यानंतर मंडळ बदलायचे म्हणजे परवानग्यांचा खेळ असतो. बदलायचेच असेल तर ते आठवीच्या अखेरीस, एप्रिलमध्ये करावे. मूळ दाखला गावच्या शाळेतून आत्ताच काढू नये. सातवीचा निकाल लागल्यावर ज्या शाळेत नक्की जायचे आहे तिचेच नाव सांगून तो घ्यावा, म्हणजे एस.ए.टी.एस.वरची नोंद सरळ तिकडे वर्ग होईल. आणि दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी पहिली ते सातवीच्या ग्रामीण अभ्यास दाखल्यावरही मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेऊन ठेवावा. सरकारी शाळेतील शिक्षकांच्या बदल्या होतात, जुनी हजेरीपुस्तके कपाटाच्या तळाशी जातात, आणि पाच वर्षांनी तोच कागद मिळवायला एक अख्खा पावसाळा जातो. शाळा कोणतीही ठरली तरी हा कागद घरात असू द्यावा.